थायरॉईडचं ‘बिनटाक्याचं’ ऑपरेशन: फिरत्या मेसेजमधल्या एकेका दाव्याला उत्तर

गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या अर्थाचा मेसेज फिरत असतो: ‘थायरॉईड झाला आहे? आता गळा चिरायची गरज नाही. दुर्बिणीतून बिनटाक्याचं ऑपरेशन. गाठ कितीही मोठी असो. आवाज जायची भीती नाही. दुसऱ्या दिवशी घरी, आठवड्यात शेतात. गोळ्या कायमच्या बंद. योजनेत मोफत.’ ही शस्त्रक्रिया खोटी नाही, योग्य रुग्णाला तिचा फायदाही होतो. पण मेसेज वाचून दागिना गहाण टाकून नागपूर गाठणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना तिची गरज नसते किंवा ती चालणारी नसते.

‘थायरॉईड झाला आहे? ऑपरेशन करा, गोळ्या बंद’

इथे सगळं उलटं सांगितलं आहे. टीएसएच (थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारं रक्तातलं संप्रेरक) वाढलेला आहे, म्हणजे ग्रंथी कमी काम करते आहे. अशा माणसाला ऑपरेशन नव्हे, थायरॉक्सिनची गोळी लागते. ऑपरेशन कशासाठी? कॅन्सर असलेली किंवा तसा संशय असलेली गाठ, श्वासनलिका किंवा अन्ननलिका दाबणारा गलगंड, औषधाने न आवरणारी जास्त काम करणारी ग्रंथी, आणि काही वेळा फार वाढलेली साधी गाठ.

पूर्ण ग्रंथी काढली तर गोळी जन्मभर घ्यावीच लागते, मग ग्रंथी गळ्यातून काढा की तोंडातून. साधारण हिशेब वजनाच्या दर किलोला 1.6 मायक्रोग्रॅम, म्हणजे 50 किलोच्या बाईला 75 ते 80. सकाळी उपाशीपोटी घ्यायची, चहा अर्ध्या ते एका तासाने. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी त्यानंतर चार तासांनी. ही गोळी उष्णतेने आणि ओलाव्याने खराब होते. मे महिन्यात टिनाच्या घरात खिडकीत किंवा चुलीजवळच्या फळीवर बाटली ठेवली तर रोज गोळी घेऊनही टीएसएच चढतो. अर्धीच ग्रंथी काढली तर बहुतेकांचं गोळीविना भागतं, तरी साधारण पाचातल्या एकाला ती सुरू करावी लागते.

‘टाका नाही, म्हणजे ऑपरेशन छोटं’

व्रण कुठे दिसतो आणि आत किती सोडवावं लागतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पद्धती मुख्यतः तीन. पहिलीत गळ्यावरच दीड ते दोन सेंटिमीटरचा छेद देऊन दुर्बिणीच्या मदतीने काम करतात. इटलीत पिसा इथे पाओलो मिकोली यांनी ती 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात रुजवली. खऱ्या अर्थाने ‘कमी छेदाची’ हीच. दुसरीत काखेतून किंवा छातीकडून बोगदा करत गळ्यापर्यंत जातात. तिसरी तोंडातून: खालच्या ओठाच्या आत मधे एक साधारण सेंटिमीटरभराचं आणि दोन बाजूंना 5 मिलिमीटरची छिद्रं पाडून, हनुवटीखालून त्वचा सोडवत खाली उतरतात आणि कमी दाबाने कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात. बँकॉकचे अंगकून अनुवोंग यांनी या पद्धतीने केलेल्या पहिल्या 60 रुग्णांचा अहवाल 2016 मध्ये आला, तेव्हापासून ती पसरली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पद्धतीत गळ्यावर व्रण नसतो, पण आतली सोडवणूक नेहमीच्या ऑपरेशनपेक्षा जास्त होते. वेळ जास्त लागतो, खर्चही. तोंडातून केल्यावर हनुवटी काही आठवडे बधिर राहू शकते, काखेतून केल्यावर छातीची कातडी. हल्ली साध्या आकाराच्या ग्रंथीला गळ्याच्या घडीत 4 ते 6 सेंटिमीटरचा छेद पुरतो आणि तो वर्षभरात बऱ्यापैकी फिका पडतो. ज्यांच्या जखमेवर जाड, उठावदार व्रण येतो, किंवा लग्नाच्या वयाच्या ज्या मुलीला गळ्यावरची खूण खरोखर सलणार आहे, तिच्यासाठी लपलेला छेद मोलाचा आहे. हे कारण हसण्यावारी नेऊ नये.

‘गाठ कितीही मोठी असो’

मेसेजमधला सर्वात धोकादायक शब्द ‘कितीही’ हाच आहे.

गळ्यावरच्या छोट्या छेदाने करायचं तर गाठ साधारण 3 ते 3.5 सेंटिमीटरच्या आत आणि पूर्ण ग्रंथी 20-25 मिलिलिटरच्या आत हवी. तोंडातून करायचं तर अनुभवी हातांत साध्या गाठीची मर्यादा 6 सेंटिमीटरपर्यंत जाते, कॅन्सरची साधारण 2 सेंटिमीटर. कारण सरळ आहे: काढलेली ग्रंथी पिशवीत घालून त्याच छिद्रातून बाहेर ओढायची असते. मोठी गाठ तिथे फुटते. फुटली की पेशी बोगद्यात सांडतात, आणि तुकडे झालेल्या गाठीवर पॅथॉलॉजिस्टला नीट निदान देता येत नाही.

आपल्याकडे मेळघाटातून, एटापल्ली-भामरागडकडून येणारे रुग्ण दहा-पंधरा वर्षांचा गलगंड घेऊन येतात. त्यांना गळ्यावरचा छेदच योग्य. गाठ छातीत उतरली आहे का, याचा अंदाज घरीही येतो: दोन्ही हात कानाला लावून सरळ वर धरा आणि एक मिनिट थांबा. चेहरा लाल-निळा पडला, गळ्याच्या शिरा फुगल्या किंवा श्वास अडकला तर हात खाली घ्या आणि सीटी स्कॅनशिवाय पुढचा निर्णय घेऊ नका. हात वर करून काही झालं नाही म्हणून गाठ छातीत नाहीच, असं मात्र धरू नका. आधी गळ्याचं ऑपरेशन झालेलं असेल, तिथे रेडिएशन घेतलेलं असेल, किंवा मानेच्या बाजूच्या गाठींत कॅन्सर गेला असेल, तरीही तोंडातली वाट बंद.

आणखी दोन गोष्टी मेसेज लिहिणाऱ्याच्या ध्यानात नसतील, पण विदर्भात त्या विचारल्याच पाहिजेत. एक खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. वर्षानुवर्षं खर्रा खाऊन ज्याचं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही, गाल-ओठांची आतली कातडी ताठ पांढरी झाली आहे, त्याचं तोंडातून ऑपरेशन अवघड. भूल देताना नळी घालणंसुद्धा अवघड. ही गोष्ट भूलतज्ज्ञाला स्वतःहून सांगा, लाजू नका. दुसरी सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. जागा करायला भरलेला कार्बन डायऑक्साइड रक्तात शोषला जाऊन आम्लता वाढू शकते. आम्लता, थंडी, पाणी कमी पडणं, ऑक्सिजन कमी होणं, या चारही गोष्टींनी सिकलच्या पेशी वाकतात. घरात कुणाला सिकलसेल असेल तर ऑपरेशनच्या आधी इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ताची तपासणी करून घ्या.

‘आवाज जायची भीती नाही’

आवाजाची नस ग्रंथीच्या अगदी मागे चिकटून जाते. दुर्बिणीत ती मोठी दिसते, एवढं खरं. धोका मात्र शून्य होत नाही. आवाज तात्पुरता बसण्याचं प्रमाण शंभरात साधारण पाच, कायमचं साधारण एक, तेही अनुभवी हातांत. नवी पद्धत शिकत असलेल्या सर्जनकडे जास्त. म्हणून विचारायचा प्रश्न ‘छेद केवढा?’ हा नाही. ‘डॉक्टर, तुम्ही वर्षाला थायरॉईडची किती ऑपरेशनं करता, आणि त्यातली या पद्धतीने किती?’ हा आहे. 2017 च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात वर्षाला 25 पेक्षा जास्त करणाऱ्यांच्या रुग्णांना त्रास कमी झालेला दिसला. ऑपरेशनच्या आधी स्वरयंत्राची तपासणीही करून घ्या. मधेच गळ्यावर छेद द्यावा लागू शकतो, हे संमतीपत्रात असतं. सर्जनने तो दिला तर तो शहाणपणाचा निर्णय समजा.

‘दुसऱ्या दिवशी घरी, आठवड्यात शेतात’

घर दवाखान्यापासून किती लांब आहे, त्यावर हे ठरतं. गळ्यात रक्त साचण्याचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास, बहुतेक पहिल्या 24 तासांत. गळा ताणल्यासारखा फुगणं, आडवं झोपता न येणं, श्वासाला घरघर, ही लक्षणं दिसली तर मिनिटं मोजावी लागतात. नेहमीच्या ऑपरेशनात तिथल्या तिथे टाके उघडून रक्त मोकळं करता येतं. तोंडातून केलं असेल तर गळ्यावर उघडायला टाकेच नसतात, म्हणून अशा वेळी काय करायचं हे सर्जनकडून आधीच समजून घ्या.

दुसरा धोका उशिरा येतो. ग्रंथीमागे मसुराच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. पूर्ण थायरॉईड काढताना त्यांचा रक्तपुरवठा दुखावला की रक्तातलं कॅल्शियम घसरतं, आणि ते सर्वात खाली जातं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. म्हणजे नेमकं रुग्ण बसने गावी पोचलेला असतो तेव्हा. ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, मग हाताची बोटं वाकडी होऊन आखडतात. पूर्ण ग्रंथी काढलेल्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या आणि डॉक्टरांनी दिलेलं व्हिटॅमिन डी हातात घेऊनच सुट्टी घ्यावी. गोळी घेऊनही आखडणं थांबलं नाही तर 108 ला फोन करा. शिरेतून कॅल्शियम द्यावं लागतं, आणि ते जवळच्या केंद्रात मिळतं का हे घरच्यांनी सुट्टीआधीच विचारून ठेवावं. गाव तीन-चार तासांवर असेल तर तिसऱ्या दिवसापर्यंत दवाखान्याजवळ राहणं बरं.

शेताचं म्हणाल तर फवारणीचा भरलेला पंप, सरपणाची मोळी, कापसाचं गाठोडं दोन-तीन आठवडे बंद. काखेतून केलं असेल तर पंपाचा पट्टा त्याच बाजूला घासतो, तिथे आणखी थांबा.

‘योजनेत मोफत’

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत थायरॉईडची शस्त्रक्रिया बसते, पण मंजुरी ठरावीक पॅकेजला असते. दुर्बिणीचा किंवा रोबोटचा वरचा खर्च त्यात धरलेलाच असेल असं नाही. भरती होण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवा आणि कोणती शस्त्रक्रिया मंजूर झाली, वर काही भरावं लागेल का, हे लेखी घ्या. जाताना टीएसएच, गळ्याची सोनोग्राफी आणि सुईच्या तपासणीचा रिपोर्ट मूळ प्रतीत सोबत ठेवा. गाठीचा आकार सेंटिमीटरमध्ये सोनोग्राफीच्या कागदावर लिहिलेला असतो. कोणती पद्धत चालेल हे बोलणं त्या आकड्यापासून सुरू करा.