‘सव्वा महिना थांबा, आपोआप बरं होतं’: या फॉरवर्डमध्ये काय काय चुकलंय

घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: बाळंतिणीचं डिप्रेशन हे नवं फॅड आहे, आज्यांना आठ-आठ मुलं होऊनही काही झालं नाही, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी आणि आराम मिळाला की सव्वा महिन्यात सगळं ठीक, गोळ्या घेतल्या तर दूध तोडावं लागतं.

‘नवं फॅड’. लुई-व्हिक्टर मार्से या फ्रेंच डॉक्टरांनी बाळंतिणींच्या मानसिक आजारांवर १८५८ मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला. आपल्याकडे ‘बाहेरचं लागलंय’ म्हणून उतारा टाकत.

‘सव्वा महिना थांबा’. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. तिथे लाडू-आराम पुरे. त्यानंतरही बाळ झोपलेलं असताना आईचा डोळा लागत नसेल, ‘मी नसते तर बरं’ असं तोंडून निघत असेल, तर डॉक्टर गाठा. बाळंतिणीचं डिप्रेशन ओळखायच्या एडिनबर्ग प्रश्नावलीत मागच्या सात दिवसांबद्दल १० प्रश्न, ३० गुण असतात. १३ किंवा जास्त आले तर तपासणी हवीच. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्य नसेल, तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी जा. कागद तिने एकटीने भरावा. सासूबाई शेजारी बसल्या की खरी उत्तरं येत नाहीत.

हजारात एक-दोघींना होणारा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणारा गंभीर मानसिक आजार, तर बहुधा पहिल्या पंधरवड्यातच उसळतो: झोपच नाही तरी थकवा नाही, अखंड बडबड, ‘हे बाळ बदललंय’ असा संशय, आवाज ऐकू येणं. इथे सकाळ व्हायचीही वाट पाहू नका. बाळाजवळ तिला एकटं ठेवू नका. मनोविकार विभाग असलेल्या रुग्णालयात न्या, गाडी नसेल तर १०८. दाखल केलं की बाळ तोडतात, ही भीती असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ म्हणतो की तीन वर्षांखालच्या मुलाला सहसा आईपासून वेगळं करू नये. अपवाद धोका असेल तरच.

‘माझ्या हातून बाळ गॅलरीतून पडलं तर?’ या विचाराने सतराव्या मजल्यावरची आई स्वतःच घाबरून गॅलरीचं दार लावून घेत असेल, तर तो बहुधा चिंतेचा आजार असतो. तिच्याकडून बाळ हिसकावलं तर तो बळावतो.

‘गोळ्या म्हणजे दूध बंद’. सर्ट्रालीन ही डिप्रेशनची गोळी दुधात फार थोडी उतरते. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला सहसा पाजता येतं. मूड स्थिर ठेवणाऱ्या लिथियमचं गणित वेगळं, ते डॉक्टरांवर सोडा. डिप्रेशनच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. घोळ पुढे होतो: बरं वाटलं की गोळी बंद, आणि आजार परत. बरं वाटल्यानंतर निदान सहा महिने चालू, मग हळूहळू कमी. आधी कधी अतिउत्साहाचे झटके आले असतील तर तेही सांगा, कारण अशा बाईला नुसती डिप्रेशनची गोळी उलटू शकते. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. थायरॉइडही असाच थकवा आणतं.

‘आराम’ मात्र खरा, फक्त तो सलग हवा. रात्री दहा ते तीन आईला झोपू द्या. मधलं दूध आधी काढून लगेच फ्रीजमध्ये ठेवा, आपल्या उकाड्यात बाहेर नको. बाबाने ते वाटी-चमच्याने पाजावं.

टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास, मराठीतही चालतं. फोन नवऱ्याने केला तरी चालतो.