मीच बांधलेलं दार

परवा दुपारी ४०३ आला, वेब सर्व्हरचा नकाराचा आकडा. ४०१ बरा, तो निदान 'आपण कोण?' एवढं तरी विचारतो. ४०३ म्हणजे 'तुम्ही कोण ते चांगलं ठाऊक आहे, म्हणूनच आत घेत नाही.' पाहुणा समजून हाकललं तर माणूस सहन करतो. ओळखून हाकललं की लागतं. त्यात हाकलणारा मी स्वतः तीन आठवडे बसून लिहिला होता.

गोष्ट एवढीच, की ज्याने नोंद केली त्यानेच ती मंजूर करू नये, असा नियम हवा होता. हा नियम एका 'इफ'मध्ये, म्हणजे एका अटीत, बसतो. पण आमच्या आर्किटेक्टना कोडमधला 'इफ' दिसला की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. "हे अ‍ॅपचं काम नाही, कंटेनरचं आहे. स्वतःचा पॉलिसी प्रोव्हायडर लिहा. स्टँडर्ड आहे," असं म्हणून ते दुसऱ्या मीटिंगला गेले. अजून तिथेच असावेत.

स्टँडर्ड खरंच आहे. जावाचं जेएसआर ११५, २००३ पासूनचं. कंटेनर म्हणजे सर्व्हरमधला अ‍ॅप्स चालवणारा भाग, आणि पॉलिसी प्रोव्हायडर म्हणजे 'आत सोडू का?' याचं त्याला उत्तर देणारा कोड. आमचा टेस्ट सर्व्हर जुन्या आवृत्तीचा, त्यामुळे सगळी मजा मूळ रूपात मिळाली. डिप्लॉय करताना, म्हणजे अ‍ॅप सर्व्हरवर चढवताना, कंटेनर प्रत्येक अ‍ॅपचे नियम तुमच्या हातात देतो: या यूआरएल कोणालाच नाहीत, या सगळ्यांना मोकळ्या, या अमक्या रोलला. मग रिक्वेस्ट आली की तुमच्या 'इम्प्लाइज' या फंक्शनला विचारतो, सोडू का? तुम्ही ट्रू किंवा फॉल्स म्हणायचं. विचारताना सोबत येणाऱ्या माणसाच्या नावावर प्रिन्सिपल्सचा, म्हणजे ओळखींचा, एक गठ्ठा असतो. त्यातला रोल कोणता आणि ग्रुप कोणता हे कसं ओळखायचं, ते त्या आवृत्तीच्या स्टँडर्डमध्ये नाही. इतकी पानं लिहिली आणि नेमकं हेच राहिलं! प्रत्येक सर्व्हरची त्यासाठी आपापली घरगुती पद्धत, आणि ती कुठे लिहिलेली आहे हे त्या सर्व्हरलाही आठवत नसावं. माझे दोन आठवडे त्या गठ्ठ्यात गेले. ते मला कोणी परत देणार नाही.

असो. मुख्य चूक माझीच. या जुन्या आवृत्तीत हा प्रोव्हायडर आपल्या अ‍ॅपपुरता नसतो. त्याची जार, म्हणजे कोडची फाइल, सर्व्हरच्या लायब्ररीत जाते, नाव जेव्हीएमच्या (सर्व्हर ज्यावर चालतो त्या जावा मशीनच्या) पर्यायांत एका ओळीत, आणि मग त्या जेव्हीएममध्ये जे जे चालतं त्या सगळ्याचा न्यायनिवाडा तोच करतो. मी लिहिलं होतं, आमच्या अ‍ॅपचा संदर्भ नसेल तर फॉल्स. सावधगिरी! सर्व्हर सांभाळायचा अ‍ॅडमिन कन्सोल हेही एक वेब अ‍ॅपच असतं, हे मला रीस्टार्टनंतर कळलं. पासवर्ड बरोबर, दार बंद. आणि ती ओळ मी टाकली होती कन्सोलमधूनच.

आता एकच वाट उरली, मशीनवर लॉगिन करून कॉन्फिग फाइल उघडणं. ते लॉगिन फक्त आमच्या अ‍ॅडमिन सरांकडे. सर प्रत्येक तिकिटाची छापील प्रत काढतात आणि मोठ्या काळ्या चिमट्यात लावून ठेवतात. माझ्याकडे वळले ते खुर्चीच्या पाव फेऱ्याने.

"लॉगिन हवं होतं सर, दोन मिनिटं. एक ओळ काढायचीय."

"कोणी टाकली?"

"मीच."

"मग तुम्हीच काढा की."

"कन्सोल आत घेत नाहीये."

"का?"

"त्या ओळीमुळे."

सर विचारात पडले. "म्हणजे सिक्युरिटी चालू आहे."

"चालू आहे, पण—"

"मग प्रॉब्लेम काय?"

मला उत्तर सुचेना. अजूनही सुचलेलं नाही.

"फॉर्म भरा," सर म्हणाले.

फॉर्म त्याच टेस्ट सर्व्हरवर चालतो. खऱ्या सर्व्हरवर हलवायचा फॉर्म भरलेला आहे, तो मंजूर व्हायचाय. हे मी सांगितलं. सरांनी माझ्यावर विश्वास न ठेवता स्वतः उघडून पाहिला. ४०३. पुन्हा उघडला. मग चष्मा काढून स्क्रीनजवळ गेले, जणू आकडा जवळून वेगळा दिसेल.

"मलाही?"

"सगळ्यांनाच, सर."

"पण मी अ‍ॅडमिन आहे."

"ते सिक्युरिटीला कळत नाही."

"कारण कुठे दिलंय?"

"कारण द्यायला जागाच नाही, सर. हो किंवा नाही, एवढंच परत करता येतं."

सर खऱ्या अर्थाने दुखावले. चिमट्यातला एक कागद काढून माझ्यासमोर धरला. "हे बघा. कारणाचा रकाना. लाल चांदणी. भरल्याशिवाय पुढे जात नाही. साध्या फॉर्मला जे जमतं ते तुमच्या एवढ्या मोठ्या स्टँडर्डला जमू नये?"

खरं सांगतो, एवढा नेमका आक्षेप आमच्या कुठल्याही रिव्ह्यूत कोणी घेतला नव्हता. पण सरांच्या रकान्यातली कारणंही मी वाचली आहेत. 'आवश्यक', 'अत्यावश्यक', आणि एका ठिकाणी नुसताच टिंब. टिंबवालं मंजूर झालेलं आहे.

शेवटी सरांनी स्वतः लॉगिन केलं. ओळ वगळली जावी म्हणून तिच्या सुरुवातीला एक खूण टाकली, सेव्ह केलं. चाळीस सेकंद. रीस्टार्टला अकरा मिनिटं लागली. तेवढा वेळ आम्ही दोघं लॉगच्या ओळी पळताना बघत राहिलो आणि सर अधूनमधून 'मलाही?' एवढंच पुटपुटत होते.

कन्सोल उघडला, तसा फॉर्मही उघडला. "आता भरा," सर म्हणाले, "रेकॉर्डला हवा." मी भरला. कारणात सगळी हकीकत लिहिली, अगदी जेएसआरच्या क्रमांकासकट.

प्रोव्हायडर आता पुन्हा लिहितोय. आमचा एक नियम चालावा म्हणून बाकी सगळ्या अ‍ॅप्सचे नियमही मलाच सांभाळायचे आहेत, कन्सोलचे धरून. आर्किटेक्टना परत एकदा 'इफ'बद्दल विचारलं. ते मीटिंगमध्ये होते.

काल फॉर्मचं उत्तर आलं. नामंजूर. कारण: काम आधीच झालेले आहे. त्याखालोखाल दुसरा मेल, माझ्या नावावर विनापरवाना बदलाची नोंद झाल्याचा. नोंद करणारे सर, मंजूर करणारेही सरच.