चातालहोयुकमध्ये बायकांचं राज्य होतं? डीएनए तसं म्हणत नाही

"नऊ हजार वर्षांपूर्वी तुर्कस्तानात बायकांचं राज्य होतं, डीएनएने सिद्ध केलं" असा मजकूर 2025पासून फिरतोय. सोबत दोन श्वापदांमध्ये बसलेल्या स्थूल बाईच्या मूर्तीचा फोटो असतो. दावा चुकीचा आहे, आणि त्यापायी मूळ संशोधनातली खरी मोलाची गोष्ट झाकली जाते.

आधी डीएनए. चातालहोयुक ही तुर्कस्तानातल्या कोन्याच्या मैदानातली नवाश्मयुगीन वस्ती. तिथे (इ.स.पू. सुमारे 7100 ते 5950) मृतांना हातपाय दुमडून राहत्या घरातल्या ओट्याखालीच पुरत. 35 घरांतल्या 131 जणांचा डीएनए तपासला, तेव्हा एका घरातल्या मृतांची नाती मुख्यतः आईकडून जुळली. म्हणजे मुली माहेरीच राहत असाव्यात आणि पुरुष घरजावई होऊन येत असावेत. हा शोध मोठाच आहे. पण राहायचं कोणाकडे आणि हुकूम कोणाचा, हे दोन वेगळे प्रश्न. मेघालयातल्या खासी समाजात कूळ आईचं, वडिलोपार्जित घर धाकट्या लेकीचं. तरी गावच्या दरबारात परंपरेने बसत आले ते पुरुषच.

"लहान मुलींच्या दफनांत मुलग्यांपेक्षा जास्त वस्तू होत्या." खरं आहे. त्यावरून मुलींना मान होता असं म्हणता येतं, सत्ता होती असं नाही. सत्ता म्हटली की वाडा हवा, सामायिक कोठार हवं. इथे दोन्ही नाही. घरं साधारण सारखीच, प्रत्येकाची चूल वेगळी, धान्याची कणगी वेगळी. जिथे राजाच दिसत नाही, तिथे राणी कुठून आणायची?

आता ती मूर्ती, जिला मातृदेवी म्हटलं जातं. जेम्स मेलार्ट यांच्या उत्खननात 1961 साली ती धान्याच्या कणगीत सापडली, वस्तीच्या उत्तरकाळातल्या थरात. तिचं मूळ डोकं मिळालंच नाही. फोटोत दिसतं ते नंतर बसवलेलं. इयन हॉडर यांच्या चमूने 1993पासून पंचवीस वर्षं खोदकाम केलं, त्यात निघालेल्या मूर्तींत बहुसंख्य जनावरांच्या आहेत, आणि कितीतरी उकिरड्यात टाकलेल्या. देव्हाऱ्यातल्या देवीची अशी गत कोणी करत नाही.

हाडं काय सांगतात तेही बघा. बायका-पुरुषांचा आहार जवळपास सारखाच होता. घराला दार नव्हतं. छतातल्या भोकातून शिडीने उतरायचं आणि चुलीचा धूरही तिथूनच बाहेर जायचा. त्या धुराची काजळी म्हाताऱ्यांच्या फासळ्यांच्या आतल्या बाजूला चिकटलेली सापडली, बायकांच्याही आणि पुरुषांच्याही. म्हणजे घरात वेळ दोघांचाही जात असावा.