आय स्टॉप्ड टू ईट वडापाव

मी वडापाव सोडलेला नाही हे घरात कळलं ते शर्टावर सांडलेल्या सुक्या चटणीमुळे नाही की हाताला येणाऱ्या लसणीच्या वासामुळे नाही. इंग्रजी व्याकरणातल्या जेरंडमुळे कळलं. आणि कळवलं कुणी, तर मीच, लेखी.

झालं असं की कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आला, डॉक्टरांनी आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग परत आकडा बघितला आणि म्हणाले तळलेलं बंद. बायको शेजारीच बसलेली, त्यामुळे घरी येऊन थोडं एडिटिंग करून सांगायला स्कोपच राहिला नाही. तीन आठवडे गेले. बायकोच्या माहेरचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तिथे सगळे मराठीच आहेत पण का कोण जाणे टाइप इंग्रजीत करतात, आणि त्यावर मेहुण्याने विचारलं की भावोजी, हेल्थ कशी काय. मी पण मग मागे कशाला राहू, ऐटीत टाकलं, आय स्टॉप्ड टू ईट वडापाव. खाली हात जोडल्याची इमोजी. धडाधड अंगठे आले, सासूबाईंनी तर फूल पाठवलं.

आणि आतल्या खोलीतून आमची आठवीतली कन्या मोबाईल घेऊन बाहेर आली.

"बाबा, कुठे थांबलेलास?"

"म्हणजे?"

"वडापाव खायला."

आता इथे माणसाने शांतपणे, थांबलो कुठे, सोडला म्हणतोय मी, असं म्हणायला हवं की नाही, पण प्रश्न इतका सरळ आला की माझ्या तोंडून निघून गेलं, "भांडुप स्टेशनच्या बाहेर." पोळ्या लाटायचा आवाज बंद झाला.

पुढचा अर्धा तास बायकोने जे ऐकवलं ते तुम्हाला ठाऊकच असेल, प्रत्येक घरात तेच असतं. कन्येने जे ऐकवलं ते मात्र नवीन होतं. तिचं म्हणणं, स्टॉपच्या पुढे टू आला की ते थांबायचं कारण, आणि आयएनजी आलं की जे थांबवलं ते. स्टॉप्ड टू ईट म्हणजे खायला थांबलो, स्टॉप्ड ईटिंग म्हणजे खायचं थांबवलं. मी म्हटलं अगं आयएनजी म्हणजे चालू काळ, आम्हाला पाचवीत सरांनी हेच शिकवलंय (आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं, पहिलीपासून आलं ते २००० साली), मग जे चालू आहे ते थांबलेलं कसं असेल? तिने कपाळाला हात लावला. हे बरोब्बर आईवर गेलंय.

तर जेरंड म्हणजे क्रियापदाला आयएनजी लावून केलेलं नाम. काम करून दमलेलं क्रियापद वाक्यात नाम होऊन खुर्चीत बसतं. पण जुनी सवय सुटत नाही, ईटिंग नाम झालं तरी पाठीमागे वडापाव घेऊनच फिरतं. हा शब्द मूळचा लॅटिन, ज्या क्रियापदावरून आला त्याचा अर्थ वाहून नेणे, पार पाडणे. आपल्याकडे याला धातुसाधित नाम म्हणतात, खाणे, पोहणे, चालणे. १८३६ साली आपल्या मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचं व्याकरण छापलं तेव्हा ते विशी-बाविशीत होते. मी त्या वयात पासाच्या लाइनीत उभा होतो.

मग मला नादच लागला. दादरला वेटिंग रूमची पाटी दिसली आणि मी थबकलोच, कारण रूम काही कुणाची वाट बघत नाहीये, वाट बघायची रूम आहे, म्हणजे जेरंड. पण वेटिंग पॅसेंजर स्वतः वाट बघतोय, तो जेरंड नाही, तो विशेषण. मराठीत धावती गाडी आणि धावायचे बूट यात कुणाचा घोळ होत नाही, इंग्रजीत दोन्हीला रनिंगच. आणि आपण मुंबईकर तर दिवसभर हेच बोलतोय हो! फिल्डिंग लाव, सेटिंग आहे, टायमिंग चुकलं. कटिंग न्हाव्याकडे वेगळं, टपरीवर वेगळं. बिल्डिंग हे मुळात बांधण्याच्या क्रियेचं नाव, बांधून झालं तरी आपण बिल्डिंगच म्हणतो, आणि रीडेव्हलपमेंटला गेली की परत नुसती क्रियाच उरते, तीही दहा वर्षं. म्हणजे चाळीस वर्षं जेरंडमध्ये राहतोय आणि मला पत्ता नाही.

वाँटला टू लागतो, एन्जॉयला आयएनजी लागतं, स्टार्टला दोन्ही चालतं. का ते विचारायचं नाही, पाठ करायचं.

रिमेंबरचं मात्र मला आतून पटलं. परवा कुर्ला यायच्या आत घाम फुटला, दाराला कुलूप लावलं का नाही तेच आठवेना. रिमेंबर टू लॉक म्हणजे कुलूप लावायचं लक्षात ठेवणे, आणि रिमेंबर लॉकिंग म्हणजे लावल्याचं आठवणे. लावायचं आणि लावल्याचं, मराठीत दोन अक्षरांत काम झालं. टू सकाळी दारात असतो, आयएनजी कुर्ल्याला येऊन गाठतं. भांडुपला परत गेलो, कुलूप होतं, लेट मार्क लागला.

सगळ्यात जास्त लागलं ते ऑफिसच्या मेलचं. अठरा वर्षं प्रत्येक मेलच्या शेवटी मी लिहितोय, आय लुक फॉरवर्ड टू मीट यू. कन्येने वाचलं आणि म्हणाली बाबा मीटिंग हवं. म्हटलं तूच म्हणतेस टूच्या पुढे साधं क्रियापद. तर म्हणे हा टू तो टू नाही, हा शब्दयोगी अव्ययासारखा आहे, त्याला पुढे नाम लागतं. एकाच कपड्यातले दोन टू! जन्मभर मीटिंगा टाळल्या आणि जिथे खरंच मीटिंग पाहिजे होती तिथे मीट लिहून बसलो.

तर काल रात्री ठरवलं, ग्रुपवरची चूक सुधारायची. नीट विचार करून, टू काढून, आयएनजी लावून लिहिलं, आय स्टॉप्ड ईटिंग वडापाव, आणि पाठवायच्या आधी कन्येला दाखवलं.

तिने दोनदा वाचलं. "ग्रामर बरोबर आहे."

"मग?"

"आता वाक्य खोटं आहे."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "पहिलंच राहू दे."