ऊन पलीकडच्या काठाला

माझं ड जीवनसत्त्व बारा आलं. परीक्षेत असे गुण मला नवे नाहीत, पण या वेळी डॉक्टरांनी कागदावर लाल गोल केला आणि म्हणाले, "काका, रोज अर्धा तास उन्हात बसायचं." पुढच्याच आठवड्यात आम्ही लेकीकडे म्युनिकला निघालो, जानेवारीत. तिकिटं आधीच काढलेली होती आणि परतावा मिळत नव्हता. पुणेरी माणूस आजारपण सोडून देईल, तिकीट नाही.

म्युनिकला पोचल्यापासून अकरा दिवस सूर्य नावाची वस्तू दिसली नाही. सकाळी आठला कुणीतरी आभाळाचा राखाडी दिवा लावायचं आणि साडेचारला मालवायचं. बारावा दिवस रविवार होता आणि त्याच दिवशी रथसप्तमी. आमच्याकडे हिनं आदल्या रात्रीच जाहीर केलं, "उद्या सूर्याला अर्घ्य दिल्याशिवाय मी चहा घेणार नाही."

ती चहा घेणार नाही, याचा अर्थ मलाही मिळणार नाही. हे आमच्या घरात छत्तीस वर्षं वेगळं सांगावं लागलेलं नाही.

जावई म्हणाले, "आल्प्सच्या बाजूला जाऊ, तिकडं आभाळ मोकळं असतं. इन्सब्रुकला जायचं का?" मी तोंड वाकडं केलं. इन्सब्रुकचे फोटो आमच्या सोसायटीतल्या तीन कुटुंबांनी ग्रुपवर टाकून झाले होते. मला असं गाव हवं होतं, ज्याचं नाव घेतल्यावर समोरचा "कुठं?" असं विचारेल. मोबाइलवर तासभर शोधून मी एक काढलं. राटेनबेर्ग, इन नदीच्या काठी, इन्सब्रुकच्या अलीकडे. ऑस्ट्रियातलं सर्वांत छोटं शहर, जेमतेम चारशे वस्ती, शिवाय मध्ययुगीन. "आजोबा, राटेन म्हणजे उंदीर," नात म्हणाली. त्या नावाचं खरं मूळ तेच आहे का, हे गावात कुणाला विचारायची माझी छाती झाली नाही. त्या गावाबद्दल आणखी एक गोष्ट मोबाइलवर होती, पण ती तिसऱ्या परिच्छेदात होती. मी दोनच वाचले होते.

सकाळी निघायच्या आधी कपडे घालण्याचा कार्यक्रम पाऊण तास चालला. बाहेर उणे सात. बनियन, त्यावर थर्मल, त्यावर शर्ट, हिनं विणलेला स्वेटर, जावयांचं जाकीट, मफलर आणि सर्वांत वर माझी माकडटोपी, जिच्याबद्दल लेकीनं "बाबा, निदान स्टेशनवर तरी" एवढंच म्हणून वाक्य सोडून दिलं. सगळं चढवून झाल्यावर मला लक्षात आलं की पैशांचं पाकीट शर्टाच्या खिशात आहे. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला नाणं लागतं हे तुम्हाला ठाऊक असेल. ते नाणं बाहेर काढण्यासाठी चार थर उघडणारा म्हातारा, मागं रांग, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ती खास जर्मन सहनशीलता. मी पुढचं सांगत नाही.

म्युनिकहून कुफ्स्टाइनपर्यंत बायर्न-तिकीट, म्हणजे जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याचं दिवसभराचं रेल्वे तिकीट चालतं, पाच जणांत एकच. कुफ्स्टाइन ऑस्ट्रियात असूनही चालतं, या गोष्टीचा मला जो आनंद झाला तो पुढं दिवसभरात कशानंही झाला नाही. तिथं गाडी बदलायची, पुढचं तिकीट वेगळं. ही पिशवी सांभाळून बसली होती. पिशवीत पुण्याहून आणलेला तांब्या, हळदकुंकवाची डबी, तिळगूळ आणि थर्मासमध्ये उकळतं दूध. अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घालवायची पद्धत ऑस्ट्रियन पोलिसांना समजावून सांगता येणार नाही, असं जावयांनी पटवलं होतं, म्हणून ही तडजोड.

वर्गल गेलं आणि एकदम ढग फाटले. बर्फाचे डोंगर, निळंभोर आभाळ आणि खिडकीत सूर्य! मी लगेच म्हणालो, "दे अर्घ्य, आणि चहाचं बघू."

"काचेतून? चालत्या गाडीत? आणि पाणी कुठं सोडू, समोरच्या बाईंच्या मांडीवर?"

समोरच्या बाईंना मराठी येत नव्हतं, तरी त्यांनी पाय आखडले. मी म्हटलं, ठीक आहे, दहा मिनिटांचा प्रश्न आहे.

राटेनबेर्गला उतरलो. आभाळ निळं होतं, समोरचा डोंगर सोन्यासारखा चमकत होता, आणि आम्ही उभे होतो त्या जागी सावली. मी दोन पावलं पुढं गेलो, सावली. कोपऱ्यावर वळलो, सावली. गावच्या मुख्य रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो. याला वेळ लागत नाही, कारण गावाचं सगळं क्षेत्रफळ 11 हेक्टर, म्हणजे सत्तावीस एकर. आमच्या मामांची शेती याहून मोठी होती, पण मामांना कुणी शहर म्हटलं नाही. या सत्तावीस एकरांत बोटभर ऊन नव्हतं.

तेव्हा जावयांनी मोबाइल काढून तिसरा परिच्छेद वाचला. गावाच्या दक्षिणेला अगदी पाठीशी डोंगर आहे. हिवाळ्यात सूर्य त्याच्यावर चढतच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या गावावर थेट ऊन पडत नाही.

कुणीच काही बोललं नाही. ही माझ्याकडे पाहत होती. छत्तीस वर्षांत तिनं माझ्याकडे असं दोनदाच पाहिलंय; पहिल्यांदा मी तिच्या माहेरच्या लग्नाची तारीख विसरलो होतो तेव्हा.

जावई इंजिनिअर. अशा वेळी ते माहिती देतात. त्यांनी पिशवीतलं संत्रं काढलं, म्हणाले, "ही पृथ्वी." डिसेंबरअखेर पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून 48 अंशांवर असतो, इथं जेमतेम 19. त्यात मध्ये डोंगर. मग संत्रं सोलून त्यांनी पृथ्वीच्या फोडी नातीला दिल्या. माझ्या पोटात चहा नव्हता, म्हणून मी विचारलं, "मग या शहाण्यांनी इथं गाव वसवलं कशाला?"

उत्तर पटण्यासारखं होतं. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला डोंगर, वर किल्ला. शत्रू येणार कुठून? शिवाय इन नदीवरून माल जायचा, त्यावर जकात. शेजारी श्वाझला चांदीच्या खाणी. चांदी आणि जकात हाताशी असली की उन्हाची कोण पत्रास ठेवतो! आधी बव्हेरियाचं असलेलं हे गाव 1504 च्या युद्धात सम्राट पहिल्या माक्सिमिलियानकडे आलं आणि टिरोलचं, म्हणजे आजच्या या ऑस्ट्रियन प्रांताचं झालं. मग चांदी आटली आणि वैभवही ओसरलं. आज गावात फिरताना जी जुनी घरं दिसतात, दर्शनी भिंत वर चढवून छप्पर मागं लपवलेली, गुलाबी, पिवळी, पोपटी, ती त्यामुळंच उरली असं मला वाटतं. पाडून नवं बांधायला पैसा नव्हता. आमच्या पेठेतल्या वाड्यांचं नशीब उलटं. त्यांच्याकडे पैसा चालून आला आणि त्यांच्या जागी पार्किंगचे दोन मजले आले.

खरं तर गाव फार देखणं आहे. चर्चला दोन गाभारे आहेत, एक गावच्या नागरिकांचा आणि दुसरा खाणकामगारांचा. देव एक आणि रांगा दोन, हे आम्हाला समजावून सांगावं लागलं नाही. पण मी हे सगळं दात वाजवत पाहत होतो. सावलीतली थंडी वेगळीच असते. ती कपड्यांवर थांबत नाही, सरळ वैयक्तिक बोलते.

याच गावात सुमारे 1265 साली संत नोटबुर्गा जन्मली. मोलकरणींची आणि कष्टकऱ्यांची संत. तिची गोष्ट लेकीनं सांगितली. शनिवारी संध्याकाळची घंटा झाली, नोटबुर्गानं प्रार्थनेसाठी कापणी थांबवली. मालक म्हणाला, कापत राहा. तिनं विळा हवेत भिरकावला आणि तो तिथंच लटकून राहिला. काही जण सांगतात, सूर्याच्या किरणाला लटकला.

"तरी बरं," ही म्हणाली, "तेव्हा उन्हाळा असणार. आत्ता टाकला असता तर सरळ पायावर पडला असता."

किल्ल्याकडे बोट दाखवून जावई म्हणाले, "वर टिरोलच्या चान्सलरचा, विल्हेल्म बीनरचा, 1651 च्या जुलैत शिरच्छेद झाला." मला वाटलं, जुलैत म्हणजे बिचाऱ्याला शेवटचं ऊन तरी मिळालं.

गावकऱ्यांनीही हात बांधून घेतलेले नाहीत. वीसेक वर्षांपूर्वी योजना निघाली होती की नदीपलीकडे आरसे उभारायचे, त्यांनी ऊन किल्ल्याच्या टेकडीवर फेकायचं, तिथल्या आरशांनी खाली गल्लीत. लहानपणी आम्ही वर्गात आरशानं मास्तरांच्या डोळ्यांवर कवडसा मारायचो, त्याचीच ही सरकारी आवृत्ती. जगभर बातम्या आल्या, पण योजना कागदावरच राहिली. इटलीतल्या विगानेला नावाच्या खेड्यानं मात्र 2006 मध्ये डोंगरावर 8 मीटर रुंद, 5 मीटर उंच आरसा खरंच लावला. मी हे ऐकून म्हणालो, "मग विगानेलाला जायला हवं होतं." माझ्या या वाक्याचं घरी अजूनही स्वागत झालेलं नाही.

शेवटी नातीनंच तोडगा काढला. "आजी, ऊन पलीकडे आहे ना? मग आपण पलीकडे जाऊ." नदीवर पूल आहे आणि पलीकडच्या काठाला क्रामझाख. पुलावरून चालत गेलो. पलीकडे उतरल्यावर काही पावलांतच रस्त्यावर सावलीची कड होती, कुणी पट्टी ठेवून आखावी तशी. या बाजूला उणे सात आणि एक पाऊल टाकलं की डोळे दिपवणारा बर्फ आणि गालावर ऊब. मी माकडटोपी काढली. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. ते थंडीचंही असेल.

हिनं बर्फावर बोटानं सूर्याचा रथ काढला. सात घोडे काढायला घेतले, चारांनंतर बोट बधिर झालं. उरलेले तीन घोडे नातीनं काढले; त्यातला एक डायनासोर आहे असं तिचं म्हणणं. मग तांब्यानं अर्घ्य दिलं. थर्मास उघडला तसं दूध फसफसून माझ्या हातमोज्यावर आलं. "उतू गेलं!" ही आनंदानं ओरडली. कुठल्या दिशेला गेलं ते बघतात; ते माझ्या दिशेला गेलं. मी हात झटकत मागं सरलो, आणि अर्घ्याच्या पाण्याचा एव्हाना रस्त्यावर काच झालेला थर माझ्या बुटाखाली आला. सूर्यनारायणाला वाहिलेल्या पाण्यावरून मी साष्टांग नमस्कारच घातला.

कुत्रं फिरवणाऱ्या एक आजी थांबल्या. "ग्रूस गॉट," म्हणाल्या; तिकडचा राम राम. जावयांनी मला उचललं आणि नातीनं तिच्या जर्मनमध्ये सांगितलं की आज सूर्याचा वाढदिवस आहे. आजींनी एकदा रथाकडे पाहिलं, एकदा नदीपलीकडच्या सावलीतल्या गावाकडे. "सूर्याचा वाढदिवस, आणि तुम्ही राटेनबेर्गला आलात?" असं म्हणून त्या इतक्या हसल्या की कुत्रं भुंकायला लागलं. हिनं त्यांना तिळगूळ दिला. त्यांनी तो कुत्र्यापासून जपून खिशात ठेवला.

चहा मिळाला तो परत सावलीतच, पुलाअलीकडे. रविवार असल्यानं बहुतेक दारं बंद. एक कॅफे उघडं होतं. पेला भरून गरम पाणी, बशीत पुडी, आणि लिंबाची फोड. मी थर्मासमधलं उरलेलं दूध हळूच ओतलं. वेटरनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

राटेनबेर्ग काचेच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध आहे. एका उघड्या दुकानात हिला खिडकीत टांगायचा काचेचा पिवळा सूर्य सापडला. ज्या गावात चार महिने ऊन नाही तिथं ऊन पकडायची वस्तू विकतात, आणि ती विकत घेणाराही भेटतो. किंमत पाहून मी काही बोललो नाही. त्या दिवशी माझी बोलायची जागा नव्हती.

आता तो पुण्यात स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. सकाळी साडेनऊला त्याचा पिवळा कवडसा बरोबर माझ्या चहाच्या कपावर येतो. ही ओट्यापाशी घाम पुसत म्हणते, "अहो, ऊन येतंय, तो पडदा ओढा आधी."