महागडा क्वार्टरबॅक संघाला बुडवतो? आधी हिशेब नीट मांडा

एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, कुठल्याही क्वार्टरबॅकचा (आक्रमण चालवणाऱ्या, पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचा) मोठा करार जाहीर झाला की एक वाक्य फिरायला लागतं: ‘कॅपच्या तेरा टक्क्यांहून जास्त पैसे एकट्या क्वार्टरबॅकवर घालणारा संघ सुपर बोल जिंकत नाही.’ सुपर बोल म्हणजे हंगामाचा अंतिम सामना. पाठोपाठ सल्ला येतो की स्टारला जाऊ द्या, ड्राफ्टमधून (नव्या खेळाडूंच्या दरवर्षीच्या निवडीतून) स्वस्तातला पोरगा उचला आणि वाचलेल्या पैशांत बाकीचा संघ उभा करा. मला हे साफ चुकीचं वाटतं.

आधी तो तेरा टक्क्यांचा आकडा. सॅलरी कॅप म्हणजे आयपीएलच्या पर्ससारखी खर्चाची मर्यादा. ती १९९४ मध्ये लागू झाली आणि त्याच हंगामात सॅन फ्रान्सिस्कोचा स्टीव्ह यंग कॅपचे १३.१ टक्के घेऊन जिंकला. पुढे पंचवीसहून जास्त वर्षं त्याच्यापेक्षा मोठा वाटा घेणारा कुणी जिंकला नाही, एवढंच त्या ‘नियमा’चं भांडवल. पण ३२ संघांतला दरवर्षी एकच जिंकतो, आणि इतका मोठा वाटा घेणारे क्वार्टरबॅक कुठल्याही वर्षी मोजकेच असतात. त्यांच्यातला कुणी जिंकला नाही, म्हणून पगारामुळेच हरला असं होत नाही. शिवाय तो विक्रम मोडलाय. २०२२ च्या हंगामात कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक माहोम्सचा कॅपवरचा भार जवळपास ३ कोटी ५८ लाख डॉलर होता, म्हणजे १७ टक्क्यांच्या वर. १९९४ मध्ये अख्ख्या संघाची कॅप ३ कोटी ४६ लाख होती! कॅन्सस सिटी त्या हंगामात जिंकली, आणि पुढच्याही.

‘मग बाकीच्यांना पैसे उरत नाहीत.’ ओढाताण होते, हे खरंच आहे. कॅन्सस सिटीने मार्च २०२२ मध्ये टायरीक हिलसारखा रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) मायामीला दिला आणि बदल्यात पाच ड्राफ्ट पिक्स (ड्राफ्टमधल्या निवडीचे हक्क) घेतल्या. त्या वर्षीच्या ड्राफ्टमधून बचावपटू मॅकडफी आणि कार्लाफ्टिस आले, आणि सातव्या फेरीत, २५१ व्या क्रमांकावर, चेंडू घेऊन धावणारा पाचेको. त्याच हंगामाच्या सुपर बोलमध्ये पाचेकोने टचडाउन केला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेला. आणि माहोम्स? पूर्वार्धात त्याचा आधीच दुखावलेला घोटा पुन्हा मुरगळला, लंगडत बाहेर गेला. शेवटच्या काही मिनिटांत ३५-३५ अशी बरोबरी असताना त्याच पायावर तो २६ यार्ड पळाला. पाठोपाठ फील्ड गोल (लाथ मारून मिळवलेले तीन गुण) झाला आणि सामना ३८-३५ असा संपला. पैसे मोजायचे ते यासाठी.

‘स्वस्तातला पोरगा’ हा सल्ला तर मला सगळ्यात जास्त खटकतो. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११ च्या करारापासून ड्राफ्टमधल्या खेळाडूंचे पगार बांधलेले आहेत. २०१० मध्ये पहिला निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला ५ कोटी डॉलरची हमी होती, तर पुढच्याच वर्षी कॅम न्यूटनचा चार वर्षांचा सगळा करार सुमारे २ कोटी २० लाखांचा. संघांची चंगळ झाली, मान्य. पण स्वस्त आणि चांगला असा पोरगा हाताशी लागावा लागतो. २०२१ च्या पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक निवडले गेले. एप्रिल २०२४ संपेपर्यंत त्यांतल्या चौघांना त्यांच्या संघांनी दुसरीकडे पाठवून दिलं होतं. उरला फक्त ट्रेव्हर लॉरेन्स.

जाहीर झालेला आकडा म्हणजे त्या वर्षीचा खर्च, हा समजही चुकीचा. साइनिंग बोनस (करारावर सही करण्यासाठी मिळणारी रक्कम) कॅपवर पाच वर्षांपर्यंत वाटून दाखवता येतो. फिलाडेल्फियाचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सचा २०२३ चा करार २५ कोटी ५० लाखांचा, तरी २०२४ मध्ये त्याचा कॅपवरचा भार साधारण पाच टक्के होता. त्या हंगामाच्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फियाने कॅन्सस सिटीला ४०-२२ हरवलं. बिल पुढे येतंच, पण तोवर कॅपही वाढलेली असते: २०२० मध्ये १९ कोटी ८२ लाख, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख.

सिनसिनाटीचं उदाहरण हमखास पुढे येतं: क्वार्टरबॅक जो बरोला २७ कोटी ५० लाख दिले आणि प्लेऑफ हुकले. २०२४ मध्ये बरोने लीगमध्ये सर्वाधिक ४,९१८ यार्ड पासिंग केलं. त्याच्या संघाने ३३ किंवा जास्त गुण करूनही चार सामने गमावले. बचावफळीला कुणाला अडवता येत नव्हतं, आणि त्या वर्षीचा बरोचा वाटा माहोम्सच्या १७ टक्क्यांच्या आसपासही नव्हता. दोष शोधायचा तर ड्राफ्टमध्ये बचावासाठी केलेल्या निवडींत शोधा.

चुकीच्या माणसाला पैसे दिले तर संघ खड्ड्यात जातो, हे मात्र मी नाकारणार नाही. क्लीव्हलंडने २०२२ मध्ये क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसनला २३ कोटींची पूर्ण हमी दिली, वर पहिल्या फेरीच्या तीन पिक्स घालवल्या. तिथे निवडच चुकली होती.

आणि स्वस्त विरुद्ध महाग अशी थेट लढतही झाली आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये लास व्हेगासच्या सुपर बोलमध्ये. एकीकडे माहोम्स, दुसरीकडे सॅन फ्रान्सिस्कोचा ब्रॉक पर्डी, २०२२ च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, वर्षाला दहा लाख डॉलरही न घेणारा. त्याच्याभोवती वाचलेल्या पैशांतला भरगच्च संघ. जादा वेळेत माहोम्सने ७५ यार्ड संघ नेला, वाटेत फोर्थ अँड वनला (शेवटची संधी, एक यार्ड हवा) चेंडू स्वतःच घेऊन पळाला आणि तीन सेकंद उरले असताना हार्डमनला विजयी पास दिला. २५-२२. पुढच्या वर्षी, मे २०२५ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोने त्याच पर्डीबरोबर २६ कोटी ५० लाखांचा करार केला.