‘आधी शेणात हात घाला’ या प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय वाचक,

जनावरांतील मूलपेशी (स्टेम सेल, म्हणजे शरीरातल्या इतर प्रकारच्या पेशी घडवू शकणाऱ्या पेशी) उपचारांवरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. मराठवाड्यात साधी रक्ततपासणी वेळेवर होत नसताना मूलपेशींच्या गोष्टी कशाला, असा आपला आक्षेप आहे. त्याच्या आधी आपण एक वाक्य लिहिले आहे : ‘वातानुकूलित प्रयोगशाळेत बसून गोठ्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी आधी शेणात हात घालून पाहावा.’ मतभेदाला माझी कधीच हरकत नव्हती. पण ज्या माणसाला आपण ओळखत नाही, त्याच्या साऱ्या आयुष्यावर एका ओळीत शेरा मारणे मला असभ्यपणाचे वाटते.

एक दुरुस्ती मात्र मान्य. द्रव नायट्रोजनचे तापमान माझ्या लेखात उणे १६९ अंश असे पडले होते, ते उणे १९६ अंश सेल्सिअस हवे. चूक माझी होती, ती सुधारली आहे, आभार.

आता शेणाविषयी. माझा जन्म कंधार तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरचा. दावणीला लाल कंधारीची बैलजोडी होती आणि दुधासाठी वडिलांनी कर्ज काढून एक संकरित गाय आणली होती. १९९८च्या पावसाळ्यात तिला ताप भरला, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजली, पापण्यांची आतली बाजू फिकट पडली आणि तिने चारा सोडला. उपचार करणाऱ्या गृहस्थांनी दोन दिवस साध्या तापाची इंजेक्शने दिली. त्या गाठीत सुई घालून थेंबभर द्रव काचपट्टीवर पसरून पाहावा, असे त्यांच्या मनात आले नाही. चौथ्या दिवशी पहाटे गाय गेली, तेव्हा वासरू दाव्याला हिसके देत होते. त्या गोठ्यातले शेण रोज मीच काढत असे, त्यामुळे हात कुठे घालावा हे आपण मला शिकवण्याची गरज नाही.

पुढे परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकताना तशाच एका गाठीतला द्रव मी काचपट्टीवर घेतला, मिथेनॉलने पक्का केला, जिम्सा रंगात ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. लसिकापेशींच्या, म्हणजे गाठीतल्या पांढऱ्या पेशींच्या, आत निळसर, ठिपक्याठिपक्यांचे पुंजके दिसले. थायलेरिया या परजीवीची, म्हणजे आपल्याकडच्या गोचीड तापाची, ती खूण. आमच्या गायीला काय झाले होते हे मला त्या दिवशी कळले. हे निदान लवकर झाले आणि बुपार्व्हाक्वोन हे त्यावरचे औषध वेळेत टोचले, तर जनावर वाचण्याची शक्यता बरीच वाढते. साध्या निदानाचे महत्त्व मला पटवून देणारे आपण पहिले नाही.

आणि त्याच थायलेरियाची लस कशी तयार होते, हे आपण कधी पाहिले आहे का? परजीवीने ग्रासलेल्या गुरांच्या लसिकापेशी प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवत नेऊन तो परजीवी दुबळा केला जातो, आणि त्या जिवंत पेशीच लस म्हणून द्रव नायट्रोजनमध्ये साठवल्या जातात. पेशी वाढवणे, गोठवणे, पुन्हा जिवंत मिळवणे हीच विद्या अस्थिमज्जेतल्या किंवा चरबीतल्या मूलपेशींसाठी लागते. ज्या प्रयोगशाळेला तुम्ही गप्पांची खोली म्हणता, तिथेच गोठ्यातल्या संकरित वासरांचे संरक्षण घडते. निदान आणि पेशी यांना एकमेकांचे वैरी करण्यापूर्वी तुम्ही एवढे तरी वाचायला हवे होते.

मूलपेशींनी सगळे बरे होते, असे मी कुठेही लिहिलेले नाही. घोड्यांच्या सांध्यांसाठी मूलपेशींवर आधारलेल्या औषधाला युरोपीय संघाने २०१९ मध्ये परवानगी दिली. कुत्र्यांच्या सांधेदुखीवर बरेच काम झाले आहे. गायीच्या दगडीत, म्हणजे कासेच्या सुजेत, हा उपचार अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे, आणि माझ्या लेखातही तसेच म्हटले होते. तुम्ही तो परिच्छेद वगळून वाचलेला दिसतो.

खर्चाचा आणि दवाखान्यांतील रिक्त पदांचा मुद्दा आपण मांडला आहे. ते प्रश्न खरे आहेत, पण माझ्या लेखाचा तो विषय नव्हता, म्हणून त्यांत शिरत नाही.

आपल्या गोठ्यात पुन्हा एखादे जनावर तापले आणि खांद्यापुढची गाठ सुजली, तर उपचार सुरू होण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून त्या गाठीतल्या द्रवाची काचपट्टी करून घ्या आणि माझ्याकडे पाठवा. मी ती त्याच दिवशी पाहून कळवीन.